एक पायरी मागे

रात्री साडेअकराला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "काका, प्लगइन टाकलंय, पण दिसतच नाहीये." बोलणारा कधी नागपूरचा विद्यार्थी असतो, कधी भोपाळचा बँकेतला माणूस, कधी अमेरिकेत राहणारा आणि घरामागच्या अंगणात दुर्बीण लावणारा कुणी मराठी इंजिनिअर. सगळ्यांची अडचण सारखीच असते. रात्रभर जागून आकाशाचे फोटो काढले, सकाळी ते एकावर एक रचले, आणि आता ज्या फिल्टरने त्यातला तेजोमेघ उजळून निघणार, तो फिल्टरच चालत नाही. गेली बारा-तेरा वर्षं मी असे फोन घेतो आहे. माझा मूळ धंदा हा नाही.

जबलपूरला ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. वडील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्याने आणि त्यानंतरच्या इतर कारखान्यांनी बरीच मराठी घरं जबलपूरला आणली, त्यातलंच आमचं एक. मला कारखान्यात जायचं नव्हतं. फोटोशॉप ७ च्या काळात मी लग्नाचे अल्बम करायला शिकलो. नवरीचा चेहरा उजळ करायचा, मांडवातला पिवळा प्रकाश काढायचा, तीस जोड्यांना तेच काम करायचं असेल तर ॲक्शन बनवून ठेवायची. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेलं अवजार, एवढं ज्ञान तिथूनच आलं.

आकाश नंतर आलं. एका उन्हाळ्यात आरती आटोपून गर्दी पांगल्यावर मी ट्रायपॉड घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. ग्वारीघाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, त्यामुळे तोंड दक्षिणेकडे, पलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे होतं. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २३ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथे दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो. मी कॅमेरा साधारण त्या दिशेला धरून वीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. पडद्यावर एक धुरकट ठिपका आला. डोळ्यांना जे नीट दिसलं नव्हतं ते कॅमेऱ्याने साठवलं होतं. त्या ठिपक्याने मला धरलं ते आजतागायत.

लग्नाचा फोटो आणि आकाशाचा फोटो यांत एक मोठा फरक आहे. लग्नात प्रकाश भरपूर असतो, संपादन म्हणजे सजावट. आकाशात प्रकाश इतका थोडा असतो की एका फोटोत खरी माहिती आणि कॅमेऱ्याची खरखर जवळपास सारख्याच मापाची असते. म्हणून एकाच जागेचे शेकडो फोटो घ्यायचे आणि ते रचायचे. १६ फोटो रचले की खरखरीच्या तुलनेत माहिती ४ पट ठळक होते, १०० रचले की १० पट. वर्गमुळाचा हा हिशेब आहे, त्यात घासाघीस चालत नाही. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे काम मोफत करतात. रचून तयार झालेलं चित्र मात्र जवळजवळ काळं असतं. त्याला ताणायचं, म्हणजे अंधाराच्या तळाशी दडलेल्या छटा वर ओढायच्या. ताणलं की शहराच्या दिव्यांचा उजेडही वर येतो, खरखरही येते, तारे फुगतात. इथे प्लगइन आणि तशी इतर अवजारं लागतात. नोएल कार्बोनी यांच्या ॲक्शन, रसेल क्रोमन यांची एक्सटर्मिनेटर मालिका, निकिता मिसिउरा यांचं स्टारनेट, मोफत मिळणारं ग्रॅक्सपर्ट. कुणी उजेडाचा उतार काढतं, कुणी तारे वेगळे करतं, कुणी खरखर शमवतं.

माझं पहिलं प्लगइन तीन दिवस चाललं नाही. फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली होती, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं होतं, संगणकही बंद-चालू केला होता. मेनूत नाव येत नव्हतं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की माझ्या नव्या मशीनवर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत, एक ३२ बिटची आणि एक ६४ बिटची. प्लगइन ३२ बिटचं होतं आणि मी रोज ६४ बिटची आवृत्ती उघडत होतो. दोघांची बोलीच वेगळी, मग एकाला दुसऱ्याचं अस्तित्व कळणार कसं? या प्रकारात चूक झाल्याची सूचना येत नाही. नाव फक्त दिसत नाही. त्या तीन दिवसांत मी प्लगइनवर चिडलो, ते बनवणाऱ्यावर चिडलो, स्वतःच्या नशिबावरही चिडलो. माझ्या समोर नक्की काय उघडलेलं आहे, हे मात्र पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "नाव दिसतच नाही, की दिसतं पण फिकट दिसतं, की चालतं पण मध्येच थांबतं?" लोकांना हा प्रश्न रिकामा वाटतो. "काका, चालत नाही म्हणजे चालत नाही." पण हे तीन निरनिराळे आजार आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

नाव दिसतच नसेल तर बहुधा जागा चुकलेली असते किंवा बिटांचा मेळ नसतो. दरवर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, ती स्वतःचं नवं फोल्डर करते आणि जुन्या फोल्डरमधली अवजारं तिथेच राहून जातात. ॲफिनिटी फोटो वापरणाऱ्यांना तर प्लगइनचं फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन स्वतः दाखवावं लागतं, आणि अनोळखी प्लगइनना परवानगी द्यायच्या चौकटीत खूणही करावी लागते.

नाव फिकट दिसत असेल तर प्लगइन जागेवर आहे, पण समोरचं चित्र त्याला चालत नाही. रचलेलं चित्र ३२ बिटचं असतं आणि पुष्कळ जुनी प्लगइन ८ किंवा १६ बिटलाच कामाला लागतात. चित्र आरजीबीऐवजी सीएमवायकेमध्ये असू शकतं. अल्बम छपाईला देणाऱ्या आम्हा लोकांची ही नेहमीची खोड. भोपाळच्या त्या बँकेतल्या गृहस्थांबरोबर मी पाऊण तास फोनवर होतो. सगळं बरोबर होतं आणि फिल्टर फिकट. शेवटी मी म्हणालो, "साहेब, उजवीकडच्या लेयरच्या खिडकीत तुम्हाला काय काय दिसतं, ते नुसतं वाचून दाखवा. काही करू नका." ते वाचू लागले, आणि मास्कच्या चौकोनाभोवती पांढरी किनार आहे असं म्हणाले. त्यांनी लेयरऐवजी मास्क निवडला होता. एक क्लिक, आणि फिल्टर जिवंत झाला. पाऊण तास मी त्यांना 'हे करा, ते करा' सांगत होतो. 'काय दिसतं ते सांगा' हे पहिल्याच मिनिटाला विचारायला हवं होतं. दूरच्या माणसाची अडचण सोडवताना आपले डोळे त्याच्याकडे असतात, ते उसने मागून घ्यावे लागतात.

मध्येच थांबणं हा तिसरा आजार. ॲक्शन म्हणजे कुणीतरी एकदा केलेल्या कृतींची नोंद. तिला 'बॅकग्राउंड' नावाचा लेयर हवा असतो आणि आपण हौसेने त्याचं नाव 'मृगशीर्ष अंतिम' ठेवलेलं असतं. चौथ्या कृतीला तिला तो लेयर सापडत नाही आणि ती थांबते. अशा वेळी ॲक्शनची पट्टी उघडून एकेक ओळ हाताने चालवायची. ज्या ओळीवर अडलं तिच्या आधीची ओळ बघायची. दहांतल्या आठ वेळा दोष आधीच्या ओळीत सापडतो.

आधीची ओळ. ही गोष्ट मला पूर्ण समजायला आणखी काही वर्षं गेली.

मृगातल्या तेजोमेघाचं एक चित्र ताणताना माझ्या आकाशात रंगांच्या पायऱ्या पडत होत्या. गडद निळ्यावर एकदम फिकट निळा पट्टा, मग आणखी फिकट. मी एक प्लगइन बदललं, दुसरं आणलं, तिसरं पैसे देऊन विकत घेतलं. पायऱ्या तशाच. दोष होता माझ्या अल्बमच्या सवयीत. फोटो कॅमेऱ्यातून उतरवले की जेपीईजी करून ठेवायचे, जागा वाचते. कॅमेऱ्याची मूळ फाइल १४ बिटची, तिच्यात प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या. जेपीईजीत उरतात २५६. लग्नाच्या फोटोला तेवढ्या पुरतात. अंधाराच्या तळातल्या मोजक्या पातळ्या ओढून पूर्ण पडद्यावर पसरायच्या म्हटलं की त्यांच्यातली दरी दिसणारच. जे पहिल्याच पायरीवर फेकून दिलं होतं, ते मी दहाव्या पायरीवर विकत घ्यायला निघालो होतो.

उजेडाच्या उताराचंही तसंच. घाटावरून काढलेल्या प्रत्येक चित्रात एक कोपरा केशरी होतो आणि कडा काळवंडतात. ग्रेडियंट काढणाऱ्या प्लगइनने केशरी गेलं, पण वृश्चिकेतल्या ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचा अंधुक पिवळा मेघही गेला. त्या अवजाराला दिव्याचा उजेड आणि मेघाचा उजेड यांतला फरक कळत नाही. सावकाश बदलणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी उतारच असते. खरं म्हणजे काळवंडलेल्या कडा लेन्सच्या होत्या आणि त्यांचा इलाज कॅमेऱ्यापाशीच होता. एका सांजवेळी मी वडिलांचं धुतलेलं पांढरं उपरणं दुहेरी करून लेन्सच्या तोंडावर ताणून बांधलं आणि फोकस न हलवता, कॅमेरा लेन्सपासून न काढता, एकसारख्या उजेडाचे चाळीस फोटो घेतले. यांना फ्लॅट म्हणतात. लेन्सच्या कडांचा अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग त्यात जसेच्या तसे येतात आणि मग मूळ चित्राला त्यांनी भागता येतं. प्लगइनला जे दोन वर्षं जमलं नव्हतं, ते उपरण्याने एका संध्याकाळी केलं. उरलेला खराखुरा दिव्यांचा उतार थोडा होता, तो प्लगइनने अलगद निघाला आणि मेघ राहिला.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला अजूनही जड जातं. शिवनीजवळच्या गावातला एक कॉलेजचा मुलगा. जुना लॅपटॉप, उसना कॅमेरा. तारे वेगळे करणारा प्रोग्रॅम तो सुरू करायचा आणि खिडकी क्षणभर उघडून आपोआप बंद व्हायची. ना सूचना, ना आवाज. मी त्याला तीनदा सगळं काढून पुन्हा टाकायला लावलं. मग ठाम स्वरात सांगितलं, "तुझी रॅम कमी पडतेय." त्याने शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून रॅम आणली. खिडकी तशीच बंद झाली. नंतर त्यानेच काळ्या पडद्यावर कमांड देऊन प्रोग्रॅम चालवला, तेव्हा बंद होण्याआधीची ओळ वाचता आली. न्यूरल नेटवर्क चालवणाऱ्या त्या प्रोग्रॅमला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाचा आदेशसंच लागतो. तो २०११ पासूनच्या प्रोसेसरांत येऊ लागला, पण स्वस्त प्रोसेसरांत त्यानंतरही कित्येक वर्षं नसायचा. त्याच्या लॅपटॉपमध्ये तो नव्हता. रॅमचा काही संबंध नव्हता.

मी त्याला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "काका, तुम्ही मुद्दाम थोडंच सांगितलं," एवढंच म्हणाला. त्या रात्री मला झोप आली नाही. मला माहीत नव्हतं आणि 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला जीभ वळली नव्हती. वयाने मोठा माणूस ठामपणे बोलला की धाकटी माणसं त्यावर पैसे खर्च करतात, हे मी विसरलो होतो. आता खात्री नसेल तर मी स्पष्ट सांगतो, आणि जोवर मशीनने स्वतः लिहिलेली ओळ वाचलेली नाही तोवर कुणालाही काही विकत घ्यायला सांगत नाही. त्या मुलाची चित्रं मग मी माझ्या मशीनवर चालवून दिली.

सगळ्यात मोठा धडा मात्र प्लगइन व्यवस्थित चाललं तेव्हा मिळाला.

एका जानेवारीत बरगी धरणाच्या बाजूला जाऊन मी मृगातल्या तेजोमेघाचे एकेक मिनिटाचे ८४ फोटो घेतले. घरी रचले, ताणले, खरखर शमवली, धार वाढवली. मेघाच्या कडेला एक नाजूक वळणदार धागा उमटला. इतका देखणा, की ते चित्र मी एका मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी दिलं आणि ते छापलं गेलं. आयुष्यभर आकाश पाहिलेले एक निवृत्त प्राध्यापक ते पान घेऊन स्टुडिओत आले. म्हणाले, "हा धागा मला दुसऱ्या कुणाच्या चित्रात सापडत नाही. तुमच्या कॅमेऱ्याने पाहिला, की संगणकाने?" मला राग आला. माझं चित्र चांगलं आलं म्हणून हे विचारतात, असं वाटलं. ते चहा पिऊन शांतपणे निघून गेले.

रात्री मी ८४ फोटोंचे दोन भाग केले, सम क्रमांकाचे ४२ आणि विषम क्रमांकाचे ४२. दोन्ही भाग वेगवेगळे रचले आणि तंतोतंत त्याच कृती केल्या. आकाशात जे खरोखर आहे ते दोन्हीकडे दिसायला हवं. एका चित्रात धागा नव्हताच. दुसऱ्यात एक धागा होता, पण दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या वळणाचा. दीड तासाहूनही कमी प्रकाश, त्यावर नको इतका ताण, आणि मग शिकवलेलं नेटवर्क. अशा नेटवर्कला हजारो चित्रं दाखवून तेजोमेघ कसा दिसतो ते शिकवलेलं असतं. अपुऱ्या माहितीतून ते त्याला ओळखीचं वाटेल असं काहीतरी पूर्ण करून देतं. त्याने चूक कळवली नाही, कारण त्याच्या बाजूने काही चुकलंच नव्हतं.

मी प्राध्यापकांकडे गेलो, दोन्ही अर्धी चित्रं दाखवली. मंडळालाही कळवलं. प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट शिकवली: दोन भागांची ही परीक्षा यादृच्छिक खरखरीतून आलेला खोटेपणा पकडते, पण दोन्ही भागांत सारखाच असलेला दोष तिला सापडत नाही. धुळीचा डाग, लेन्समधलं प्रतिबिंब, आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरच्या हळूहळू सरकण्याने पडणाऱ्या तिरप्या रेघा. त्यासाठी दुसऱ्या रात्री कॅमेरा थोडा फिरवून पुन्हा फोटो घ्यायचे. चित्राच्या चौकटीत आकाश फिरतं, कॅमेऱ्याचे दोष जागेवर राहतात. तेव्हापासून आवडीचा कोणताही बारकावा दिसला की मी या दोन्ही कसोट्या लावतो. जितकं जास्त आवडतं, तितक्या आधी लावतो.

हे शिकूनही २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा थबकलो. पावसाळा सरला होता आणि त्सुचिनशान–ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने खाली, दिसत होता. घाटावर नर्मदेत सोडलेले दिवे तरंगत होते आणि वर ती शेपूट. मी भराभर फोटो घेतले. रात्री तारे वेगळे करणारं अवजार चालवलं, तर ताऱ्यांबरोबर धूमकेतूचं डोकंही गेलं, शेपूट तेवढी उरली. गोल आणि तेजस्वी ते सगळं तारा, हे त्याला शिकवलेलं. धूमकेतू त्याच्या शाळेत नव्हता. या वेळी मी अवजार बदललं नाही. एक पायरी मागे गेलो, डोक्याचा भाग मास्कने झाकला, अवजार उरलेल्या चित्रावर चालवलं आणि मग डोकं मूळ चित्रातून परत आणलं. वीस मिनिटांचं काम. पूर्वी यात माझा आठवडा गेला असता.

आता मी सगळ्यांना सांगतो की मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. प्रत्येक टप्प्याला नवं नाव द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. जमलं तर एखादी रात्र खऱ्या अंधारात घालवा. नागपूरच्या वाटेवरचं महाराष्ट्रातलं पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालं आहे. तिथल्या एका तासाच्या प्रकाशाला इथे घाटावर कैक तास लागतात, आणि ती तूट कोणतंही प्लगइन भरून काढत नाही.

परवाच्या रात्री नागपूरच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला. मग म्हटलं, "काही करू नकोस, पडद्यावर काय दिसतं ते वाच." तो वाचत गेला आणि अर्ध्यावर स्वतःच थांबला. "काका, मी मागच्या वर्षीची आवृत्ती उघडलीय. प्लगइन नव्या फोल्डरमध्ये टाकलंय." मी काहीच सांगितलं नव्हतं. नवी आवृत्ती उघडल्यावर मेनूत नाव आलं, आणि त्याच्या आवाजातली झोप उडाली.

"आता लावू का फिल्टर?"

"आधी मूळ फाइलची प्रत काढ," मी म्हटलं, "आणि फोटोंचे दोन भाग कर."